‘आयओला विचारलंय का?’ : हुंडाबळीच्या एका अपिलाची फाईल

मुलगी विहिरीत सापडली त्या सकाळी तिचे आईवडील कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका फडात ऊस तोडत होते. निरोप मुकादमाच्या फोनवर आला. आधी टेम्पो, मग दोन एसट्या बदलून ते बीड जिल्ह्यात लेकीच्या सासरी पोचले तेव्हा रात्र झाली होती आणि सरण विझत आलं होतं. फिर्याद नोंदली गेली तिसऱ्या दिवशी. तोवर पोलीस ठाण्याच्या आकस्मात मृत्यूच्या रजिस्टरमध्ये दिराच्या खबरीवरून एक ओळ लिहून झाली होती: पाणी शेंदताना तोल जाऊन विहिरीत पडली.

सत्र न्यायालयाने नवऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-ब (हुंडाबळी) खाली दहा वर्षं आणि सासूला सात वर्षं दिली, दोघांना ४९८-अ, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाखालीही दोषी धरलं. लग्न होऊन पुण्याजवळ राहणाऱ्या नणंदेला ४९८-अ खाली दोन वर्षं. सासरा खटला चालू असतानाच वारला. औरंगाबाद खंडपीठासमोर तिन्ही अपिलं एकत्र निघाली. नवऱ्याचं अपील हर्सूलच्या कारागृहातून विधी सेवा समितीमार्फत आलं होतं, ते माझ्याकडे होतं. सासू आणि नणंदेसाठी दुसरे वकील होते.

ज्युनिअर मंडळींना शिकवताना मी ही फाईल वापरते. ती कुठल्याही एका घराची नाही. तीन-चार अपिलांतले धागे घेऊन एक प्रकरण उभं केलं आहे, नावगाव काढून टाकलं आहे. कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे मात्र आहेत तसे आहेत.

कायदा थोडक्यात. ३०४-ब हे कलम १९ नोव्हेंबर १९८६ पासून लागू झालं. मृत्यू लग्नापासून सात वर्षांच्या आत आणि अनैसर्गिक असला पाहिजे, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केलेला असला पाहिजे, तो हुंड्याच्या मागणीसाठी असला पाहिजे आणि मृत्यूच्या ‘थोडं आधी’ झालेला असला पाहिजे. एवढं सरकार पक्षाने सिद्ध केलं की पुरावा कायद्याचं ११३-ब येतं आणि न्यायालयाला हुंडाबळी गृहीत धरावाच लागतो. मग ते खोडून काढायचं ओझं आरोपीवर. शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८० आणि भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ११८ लागतं, पण गाभा तोच आहे. आमची घटना जुन्या कायद्यातली.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर भांडण नव्हतं. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि विहिरीतला मृत्यू नैसर्गिक म्हणता येत नाही. शवविच्छेदनात मृत्यू बुडून झाल्याचं आलं, कोपरांवर खरचटल्याच्या दोन खुणा मिळाल्या, व्हिसेरात विष नव्हतं. पडली, उडी मारली की कुणी ढकललं, हे शवविच्छेदनावरून सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी उलटतपासणीत मान्य केलं. खालच्या कोर्टातल्या वकिलांनी त्या उत्तरावर मोठी इमारत बांधली होती. तिचा उपयोग कमीच होता. ३०४-ब ला खून, आत्महत्या, अपघात असे कप्पे करून बसायचं नसतं, हे सत्बीर सिंग विरुद्ध हरियाणा या २०२१ च्या निकालात स्पष्ट झालेलं आहे.

सगळी लढाई उरलेल्या दोन गोष्टींची: मागितले ते पैसे हुंड्याचे होते का, आणि ‘थोडं आधी’ म्हणजे नेमकं कधी.

हुंडा ठरला होता तीन लाख. सुपारी फुटली तेव्हा यादी झाली, चार पंचांच्या सह्या झाल्या. पण त्या यादीत कपडे, भांडी, मुलाची अंगठी आणि वऱ्हाडाचं जेवण एवढंच. रोख रक्कम कागदावर येत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. अडीच लाख लग्नाआधी दिले, पन्नास हजार ‘पुढच्या सीझनला’ देऊ म्हणून राहिले. अडीच लाख आले कुठून? उचलीतून. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. कारखाना सुरू व्हायच्या आधी मुकादम कोयत्याला उचल देतो आणि ती सीझनभर तोडून फेडायची असते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. मुकादम साक्षीला आला तो आपली वही घेऊनच. रकमेपुढे त्याच्या हातचे दोन शब्द होते: ‘पोरीचं लग्न’. ती वही माझ्या पक्षकाराच्या विरोधातली होती, तरी सांगते, त्या अख्ख्या फाईलमध्ये तिच्याइतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नव्हता. अर्थात बापाने पैसे घेतले एवढंच तिच्यातून सिद्ध होत होतं. ते कुणाला दिले, हे नाही.

लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात सासरच्यांनी बोअर पाडला. तो कोरडा गेला. मराठवाड्यात कोरडा बोअर म्हणजे काय, हे न्यायमूर्तींना समजावून सांगावं लागलं नाही. मशीनवाला फुटावर पैसे घेतो. खाली पाणी आहे की नुसता फुफाटा, त्याच्याशी त्याला काही घेणं नसतं. त्यानंतर तगादा सुरू झाला, असं सरकार पक्षाचं म्हणणं: दुसरा बोअर पाडायचा आहे, दीड लाख आण. आणि बोलता बोलता राहिलेल्या पन्नास हजारांचीही आठवण.

खालच्या कोर्टातल्या लेखी युक्तिवादात आप्पासाहेब विरुद्ध महाराष्ट्र शासन या २००७ च्या निकालावर भर होता. तो खटला आमच्याच खंडपीठातून वर गेला होता. घरखर्चाला आणि खताला पैसे मागितले म्हणजे हुंडा मागितला असं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटलं होतं. खत चालत असेल तर बोअर का नाही, हा साधा हिशेब. पण २०१५ मध्ये राजिंदर सिंग विरुद्ध पंजाब या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला. लग्नानंतर कधीही, लग्नाच्या संदर्भात मागितलेला पैसा हा हुंडाच, नाव काहीही द्या. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या जोगेंद्र प्रकरणात घर बांधायला मागितलेले पैसेही त्याच रकान्यात गेले. रद्द झालेला निवाडा घेऊन उभं राहिलं तर न्यायमूर्ती फाईल मिटतात. मी आप्पासाहेबचं नावही काढलं नाही.

मी वळण दुसरं घेतलं. बापाने उलटतपासणीत कबूल केलं होतं की जावयाने एकदा बैल घेताना दहा हजार हातउसने नेले आणि सुगी झाल्यावर परत आणून दिले. म्हणजे या दोन घरांत उसनवारीचा व्यवहार होता, बोअरचे दीड लाखही त्याच वाटेचे, असं मी मांडलं. न्यायमूर्तींनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: उसने मागायला बायकोला माहेरी पाठवून ‘पैसे घेतल्याशिवाय येऊ नको’ असं म्हणतात का? दिवाळीत मुलगी माहेरी आली ती अशीच आली होती, हे बाप, आई आणि चुलता तिघांनीही सांगितलं होतं. तिथे माझं वळण संपलं.

मग ‘सून बिफोर’, म्हणजे तेच ‘थोडं आधी’. मराठीत युक्तिवाद करतानाही आम्ही हा शब्द तसाच म्हणतो. माझी खरी आशा इथे होती.

दिवाळी झाली आणि आईवडील कारखान्याला गेले. मुलगी वारली मार्चच्या सुरुवातीला. मधले चार महिने आईवडिलांनी तिला पाहिलेलं नाही. डोळ्यांनी पाहिलेली शेवटची मागणी दिवाळीची. चार महिन्यांत धागा तुटतो, अशा अर्थाचे निवाडे माझ्याकडे होते. नुसता सात वर्षांच्या आतला मृत्यू पुरेसा नाही, हे चरण सिंग विरुद्ध उत्तराखंड या २०२३ च्या निकालातलं वाक्यही होतं. सरकार पक्षाकडे दिवाळी आणि मार्च यांना जोडणारा एकच दुवा होता, एक फोन. मृत्यूच्या बारा दिवस आधी मुलीने शेजारणीच्या मोबाईलवरून फडात आईला फोन केला होता. आईची साक्ष अशी: “ती म्हणली, आई, बोअर कोरडा गेलाय, दुसरा पाडायचा म्हणतेत, तुमच्याकडनं पैसे आणा म्हणतेत, मला लई मारतेत.”

हा दुवा तोडायला मी तीन ठिकाणी घाव घातले.

पहिला घाव कॉल रेकॉर्डवर. मोबाईल कंपनीच्या शिक्क्याचे दोन छापील कागद खटल्यात दाखल होते, ६५-ब चं प्रमाणपत्र नव्हतं. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंद वाचता येत नाही, हा नियम २०२० मध्ये पक्का झाला तो जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या भांडणातून देशभरच्या कोर्टांना हे शिकायला मिळालं, याची गंमत मराठवाड्याबाहेर फार कुणाला माहीत नसते. यात एक खाच आहे. २०१७ च्या सोनू विरुद्ध हरियाणा निकालाप्रमाणे खालच्या कोर्टात हरकत घेतली नसेल तर अपिलात ती नव्याने घेता येत नाही. तालुक्याच्या वकिलांनी ती घेतली होती. कागद ‘हरकतीस अधीन राहून’ निशाणी क्रमांक देऊन पुराव्यात घेतले गेले होते आणि हरकतीचा निर्णय शेवटपर्यंत कुणी दिलाच नव्हता. अशा एका ओळीसाठी आपण त्या वकिलांचे आभार मानावेत. मी मानले. खंडपीठाने कॉल रेकॉर्ड बाजूला ठेवलं.

दुसरा घाव आईच्या जबाबावर. तिचा पोलीस जबाब घटनेनंतर नऊ दिवसांनी झाला. त्यात ‘मुलीचा फोन आला होता’ एवढंच आहे. बोअर नाही, पैसे नाहीत, मार नाही. फिर्यादीत तर फोनच नाही. फिर्यादीतला छळाचा मजकूर जिल्ह्यातल्या कुठल्याही फिर्यादीत सापडेल तसा: सुरुवातीचे सहा महिने चांगले नांदवले व त्यानंतर माहेराहून पैसे आण म्हणून उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक छळ केला. (पेपर बुकासाठी, म्हणजे अपिलासाठी बांधलेल्या खटल्याच्या कागदांसाठी, ‘नांदवले’चं इंग्रजी भाषांतर तीन ठिकाणी तीन प्रकारे झालं होतं आणि एकही बरोबर नव्हतं.) उलटतपासणीत आईला विचारलं गेलं आणि तिनेही नेहमीचंच उत्तर दिलं: मी पोलिसांना सांगितले होते, त्यांनी का लिहिले नाही हे मी सांगू शकत नाही. महत्त्वाची गोष्ट जबाबात नसणं ही विसंगतीच, असं मी रंगात येऊन मांडत होते. तेवढ्यात वरून प्रश्न आला.

“आयओला विचारलंय का?”

आयओ म्हणजे तपास अधिकारी. त्याची साक्ष पेपर बुकात अकरा पानांची. मी ती आदल्या रात्री वाचली होती, तरी पुन्हा चाळली. घटनास्थळ, जप्ती, अटक, जबाब कधी नोंदवले, सगळं होतं. आईने फोनवरचा मजकूर आपल्याला सांगितला होता का, हा प्रश्न नव्हता. साक्षीदाराला जबाबातली उणीव दाखवली तरी काम अर्धंच होतं. जबाब लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडून ‘असे सांगितले नव्हते’ हे आलं नाही, तर कायद्याच्या नजरेत ती उणीव सिद्धच होत नाही. ज्या वकिलांचे मी थोड्या वेळापूर्वी आभार मानले होते त्यांच्याकडूनच हे राहून गेलं होतं. त्यांना दोष देणं सोपं आहे. सत्र न्यायालयात दिवसाला चार-चार साक्षी, आयओ बदलीच्या गावाहून आलेला, त्याला पाच वाजताची गाडी पकडायची. तरीही ज्युनिअरांना मी हेच पान उघडून दाखवते.

तिसरा घाव शेजारणीवर, आणि तो माझ्यावरच उलटला. ती फितूर झाली होती. भांडण ऐकलं नाही, मारहाण पाहिली नाही, पोलिसांना असं काही सांगितलं नाही. सासरच्या भावकीत राहायचं असेल तर बाई दुसरं काय बोलणार? सरकारी वकिलांनी परवानगी घेऊन तिची उलटतपासणी केली. तिच्या शेवटी तिने एक वाक्य दिलं होतं: “तिने माझ्या फोनवरून आईला फोन केला हे खरे आहे. ती रडत होती.” साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची साक्ष मुळापासून पुसली जात नाही, जो भाग पटण्याजोगा आहे तो घेता येतो. हे १९७६ पासून ठरलेलं आहे. कॉल रेकॉर्ड मी बाहेर काढलं, पण फोन झाला हे सिद्ध करायला त्याची गरजच उरली नाही. माझ्या प्रतीत त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. सरकारी वकिलांच्या प्रतीत ती असणार नाही, अशी माझी आशा होती. होती.

फोन सिद्ध झाला, आईच्या तोंडचा मजकूर खोडला गेला नाही, म्हणजे बारा दिवस आधीची मागणी उभी राहिली. मरणाऱ्याचे मरणाच्या कारणाशी जोडलेले शब्द दुसऱ्याच्या तोंडून घेता येतात, हे १९८४ च्या शरद बिर्धीचंद सारडा प्रकरणापासून चालत आलेलं आहे. चार महिन्यांच्या खंडाबद्दल खंडपीठाने जे म्हटलं ते मला अनपेक्षित होतं. ‘थोडं आधी’ मोजताना दोन घटनांमधला जिवंत धागा पाहायचा असतो आणि या कुटुंबाला चार महिने भेटणं शक्यच नव्हतं, असा त्याचा सारांश. आईवडील गावात असते आणि चार महिने गप्प बसले असते, तर त्या गप्प बसण्याला काही अर्थ काढता आला असता. फडातल्या कोपीत राहणाऱ्या माणसाच्या गप्प बसण्यातून काय काढणार?

आता ओझं आमच्यावर. आमच्याकडे होता पाय घसरल्याचा बचाव. घटनास्थळाचा पंचनामा पुन्हा वाचला. विहिरीला कठडा नाही, ही आमच्या बाजूची एकमेव ओळ. बाकीचं असं: काठावर चपला जोडीने काढून ठेवलेल्या. दोर नाही, पोहरा नाही, घागर नाही. विहिरीवर विजेची मोटार बसवलेली. पाणी शेंदायला गेलेली बाई काय घेऊन गेली होती? वीज नव्हती म्हणून शेंदायला गेली, असं मी उभ्या उभ्या म्हणून पाहिलं. शेतीची वीज आमच्याकडे पाळीनेच येते, त्यामुळे बचाव अगदी हवेतला नव्हता. पण महावितरणच्या त्या फीडरची नोंद कुणी मागवली नव्हती, घरची घागर विहिरीतून काढा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आणि कलम ३१३ च्या जबाबात, म्हणजे पुराव्याबद्दल कोर्ट थेट आरोपीला विचारतं तिथे, आरोपीला चपला, दोर, मोटार यांविषयी एकेक करून विचारलं तेव्हा त्याचं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: माहीत नाही. ज्या खटल्यात ओझं आपल्यावर येतं तिथे ३१३ हीच बोलायची जागा असते. ‘खोटे आहे, माहीत नाही’ असा छाप मारायची सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की आरोपीला ते कुणी समजावूनही सांगत नाही. कारागृहात भेटले तेव्हा मी त्याला विचारलं, घागर कुठे होती? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “वकीलसाहेब, मी त्या दिवशी बाजारला गेलतो.” ते तरी ३१३ मध्ये सांगायचं होतं.

इन्क्वेस्टबद्दलही लिहायला हवं. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर मरणोत्तर पंचनामा होतो. इथे नायब तहसीलदार आले होते. नातेवाइकांच्या म्हणण्याच्या रकान्यात लिहिलं होतं: माहेरची मंडळी हजर नाहीत. कायद्याची अट पुरी झाली. ती मंडळी शेकडो किलोमीटरवर आहेत, ती येईपर्यंत तरी थांबू या, असं कुणाला वाटलं नाही. थांबले असते तर आईचा जबाब नवव्या दिवशी झाला नसता, फोनचा मजकूर पहिल्याच कागदात आला असता आणि माझ्याकडे घाव घालायला जागाच उरली नसती. बचावाचं वकीलपत्र घेतलेल्या बाईने हे लिहिणं विचित्र वाटेल, पण तपासातल्या अशा ढिलाईवरच आमची निम्मी अपिलं जगतात.

सासूच्या बाबतीत खंडपीठाने वेगळी वाट धरली. फोनवरचं ‘मारतेत, म्हणतेत’ हे अनेकवचन. त्यात नेमकी सासू किती, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिची ३०४-ब ची शिक्षा रद्द झाली. त्यावर तिच्या वकिलांनी पुढचा डाव टाकला: मृत्यूचा गुन्हाच उरला नाही, तर मृत मुलीचे शब्द ४९८-अ साठी वाचता येत नाहीत. पूर्वी हा डाव चालायचा. २०२२ च्या सुरेंद्रन विरुद्ध केरळ निकालाने तो बंद केला. आरोप मृत्यूचाच असला पाहिजे असं नाही, मृत्यूचं कारण त्या खटल्यात वादाचा विषय असलं की पुरे. सासूची ४९८-अ ची शिक्षा कायम राहिली, भोगलेल्या काळापुरती. नणंद निर्दोष सुटली. तिच्याविरुद्ध ‘फोनवरून चिथावणी द्यायची’ या एका वाक्यापलीकडे काही नव्हतं, आणि तिला का गोवलं असं विचारलं तर फिर्याद लिहून घेणाऱ्या हवालदाराकडे बोट दाखवावं लागेल. आडनाव जुळलं की नाव जोडायची पद्धतच पडली आहे.

माझ्या पक्षकाराचं ३०४-ब कायम. शिक्षा दहावरून सातावर आली, त्याच्या खाली न्यायालयाला जाताच येत नाही. तो अटकेपासून आतच होता, जामीन झालेला नव्हता, तेव्हा भोगलेला काळ वजा जाता काही महिनेच उरले.

सत्र न्यायालयाने त्याला ४९८-अ खाली पंचवीस हजार दंड ठोठावला होता आणि भरला तर ती रक्कम मुलीच्या आईवडिलांना द्यावी असं म्हटलं होतं. तो आदेश खंडपीठाने तसाच ठेवला. दिराने शेळ्या विकून दंड भरला. रक्कम घेऊन जा म्हणून कोर्टाने आईवडिलांना नोटीस पाठवली. जानेवारीचा महिना होता. तालुक्याच्या वकिलांनी मला बेलिफाच्या शेऱ्याचा फोटो पाठवला: ‘घरास कुलूप. कारखान्याला गेले आहेत.’